झरा वर, गाव खाली: पाइप किती इंची टाकावा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिखलदरा तालुक्यातला तुमचा ढाणा, म्हणजे पाडा, ६५ घरांचा, माणसं साडेतीनशेच्या आसपास. हातपंप मार्चनंतर नुसती हवा ओढतो, विजेचा भरवसा नाही, म्हणून मोटरच्या भानगडीत पडायचं नाही. गावाच्या वर जंगलात एक झरा आहे. पायवाटेने १४०० मीटर, आणि मोबाईलवर उंची पाहिली तर गावातल्या सगळ्यात वरच्या घरापेक्षा २२ मीटर वर. डिसेंबरात तुम्ही स्वतः १५ लिटरची बादली लावली, ती ५० सेकंदांत भरली. ग्रामपंचायतीत एक जण म्हणतो एक इंची पाइप पुरे, दुसरा म्हणतो दोन इंचीशिवाय पाणी पोचणारच नाही. मग पाइप कोणता घ्यायचा, आणि पाणी शुद्ध कसं ठेवायचं?

बादली आणि घड्याळ घेऊन तुम्ही झऱ्यावर गेलात हे फार बरं झालं. बहुतेक गावं आधी परतवाड्याच्या दुकानात जाऊन पाइपचे भाव विचारतात. मेळघाटात आणि गडचिरोलीत बरीच वर्षं मी हेच काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो. पाइपचा इंच हा या योजनेतला सगळ्यात सोपा प्रश्न, तो हिशोबाने सुटतो. खरे अडणारे प्रश्न दोन: मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झरा किती पाणी देतो, आणि ते २२ मीटर खरंच २२ आहेत का. ही दोन मापं हाती आल्याशिवाय एक मीटरही पाइप विकत घेऊ नका.

आधी झरा. डिसेंबरचं माप धरलं तर मिनिटाला १८ लिटर, चोवीस तासांत सुमारे २६ हजार लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने साडेतीनशे माणसांना १९ हजार २५० लिटर लागतात. कागदावर पाणी उरतं. पण मेळघाटचा डोंगर काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. या खडकात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि बारीक छिद्रांच्या थरात. खाली टणक खडक किंवा गेरूसारखा तांबडा थर लागला की ते आडवं सरकतं, आणि उतारावर जिथे तो थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. साठा मुळातच थोडा, आणि पावसाळा संपला की तो रोज रिकामा होत जातो. डिसेंबरात चांगला वाहणारा झरा मे अखेरीस निम्म्यावर आलेला मी पाहिलाय, तिसऱ्या हिश्श्यावर आलेलाही पाहिलाय, आणि काही ठिकाणी नुसता ओलावा उरतो. शेजारच्या गावचा झरा टिकतो म्हणून तुमचा टिकेल असं सांगता येत नाही.

समजा तुमचा झरा तिसऱ्या हिश्श्यावर आला. मिनिटाला ६ लिटर, दिवसाला साडेआठ हजारांच्या वर थोडं, म्हणजे माणशी साधारण २५ लिटर. पिणं, स्वयंपाक, भांडी निभतात. अंघोळ-कपड्यांना दुसरं पाणी लागेल. अशा वेळी घरोघरी नळ देऊन चालत नाही, कारण उतारावरची खालची घरं सगळं ओढून घेतात आणि वरच्या घरांत नळ सुसू करत राहतो. मी तिथे चार-पाच सार्वजनिक नळच सुचवतो, आणि हातपंप व विहिरीला जोवर पाणी आहे तोवर ती अंघोळ-कपड्यांसाठी चालू ठेवायला सांगतो. घरोघरी नळाची पाइपलाइन पुढे केव्हाही जोडता येते. आणि मे मधलं माप मिनिटाला दोन-तीन लिटरांवर आलं, तर झऱ्याचा नाद सोडून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे सौर पंपाच्या लघु नळयोजनेची मागणी करणं शहाणपणाचं. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण उन्हाळ्यात कोरडी पडणारी योजना गावाला दुसऱ्यांदा कोणी देत नाही.

माप घ्यायची रीत: झऱ्याचं सगळं पाणी बादलीतच पडलं पाहिजे. खाली मातीचा छोटा बांध घाला, पाइपचा तुकडा किंवा चिरलेला बांबू पन्हळ म्हणून बसवा, चिखलाने बाजूची गळती बुजवा आणि अर्धा तास थांबा. बांधामागचं पाणी स्थिर होऊ द्या, मग तीनदा मोजा. पहाटे मोजलं तर उत्तम, कारण दुपारी भोवतालची झाडं पाणी ओढतात. आतापासून दर पंधरा दिवसांनी हे करा आणि शाळेच्या वहीत तारीखवार लिहून ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या बायांनाही विचारा की हा झरा कोणत्या साली आटला होता. डोक्यावर पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, घेऊन त्याच वर चढल्या आहेत, त्यांच्याइतकी खात्रीची नोंद कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही.

तुम्ही गुरांचा उल्लेख केला नाही. तुमच्याकडे गवळी घरं किती? उन्हाळ्यात एक म्हैस दिवसाला पन्नास लिटर सहज पिते, आणि ५५ लिटरच्या मापात म्हशी धरलेल्या नसतात. माणसांचं पाणी गुरांना जाणारच आहे, तर ते आधीच हिशोबात धरलेलं बरं.

आणखी एक तपासणी पावसाळ्यातली. जोराचा पाऊस झाल्यावर काही तासांत झरा गढूळ होतो का? होत असेल तर तो पूर्णपणे जमिनीतून येणारा झरा नाही, वरच्या नाल्याचं पाणी दगडांखालून वाहत येतंय. मग शुद्धीकरणाचा सगळा विचार बदलतो आणि वाळूची संथ गाळणी बांधावी लागते. तिच्यातून पाणी ताशी दहा-पंधरा सेंटीमीटर इतक्याच वेगाने खाली उतरलं पाहिजे, म्हणजे तुमच्या २० हजार लिटरला साधारण साडेपाच ते साडेआठ चौरस मीटर वाळूचं क्षेत्र लागेल. करता येतं, पण दर काही आठवड्यांनी वरचा वाळूचा थर खरवडायला माणूस लागतो. खरा झरा असेल तर ही सगळी दगदग वाचते.

आता उंची. मोबाईलमधला उंचीचा आकडा डोंगरात दहा-पंधरा मीटरनी सहज चुकतो, आणि तुमच्या योजनेचं सगळं भांडवल ते २२ मीटरच आहे. त्यात टाकी वरच्या घराच्या पातळीवर ठेवून चालणार नाही, नळाला धार यायला ती निदान सहा मीटर वर हवी. झऱ्यापासून टाकीपर्यंत वापरायला मग १६ मीटरच उरले, आणि तेही मोबाईल खरं बोलत असेल तर.

उंची मोजायला गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. नळीत पाणी भरा, दोन्ही टोकं दोन सरळ काठ्यांना बांधा, काठ्यांवर सेंटीमीटरच्या खुणा करा. एक जण वर, एक जण खाली. दोन्हीकडचं पाणी थांबलं की दोन्ही आकडे घ्या, फरक लिहा. मग वरचा माणूस खालच्याला ओलांडून पुढे. नळीत बुडबुडा राहिला तर सगळा आकडा खोटा, म्हणून दर वेळी उजेडाकडे धरून पाहायची. टोक हलवताना त्यावर अंगठा दाबून धरायचा, नाहीतर पाणी सांडतं. १४०० मीटरला दोन सकाळी जातात. पाणलोटाचं काम केलेले पोट्टे गावात असतील तर त्यांना हे माहीतच असेल. ज्या वाटेने पाइप जाणार त्याच वाटेने मोजा, आणि मध्ये कुठे चढ येतो त्याची खास नोंद ठेवा. ती नोंद पुढे लागणार आहे.

आता पाइप. दुकानातली भाषा आधी समजून घ्या. काळ्या प्लास्टिकच्या एचडीपीई पाइपला बाहेरच्या व्यासाने ओळखतात: २५ मिमी म्हणजे पाऊण इंची, ३२ म्हणजे एक इंची, ४० म्हणजे सव्वा इंची, ६३ म्हणजे दोन इंची. आतली मोकळी जागा त्याहून कमी. लोखंडी जीआय पाइप मात्र आतल्या व्यासाने ओळखला जातो. दोन माणसं ‘एक इंची’ म्हणून वेगवेगळ्या पाइपांवर भांडत असतात ते यामुळे.

पाणी पाइपमधून जाताना घासतं आणि त्यात उंची खर्च होते. सेकंदाला ०.३ लिटर, म्हणजे तुमचं डिसेंबरचं पूर्ण पाणी, १४०० मीटरमधून न्यायचं तर पाऊण इंचीत अंदाजे ७० मीटर उंची खर्ची पडते. एक इंचीत १७. सव्वा इंचीत ६. दोन इंचीत जेमतेम अर्धा मीटर. व्यासाच्या लहानशा फरकाने आकडा किती उडी मारतो पाहा. तुमच्याकडे १६ मीटर आहेत, म्हणजे पाऊण इंचीचा प्रश्नच नाही, आणि सरसकट एक इंचीही काठावर नापास. त्यामुळे एक इंची म्हणणारा सदस्य चुकतो, पण थोडक्यात.

दोन इंची म्हणणाराही बरोबर नाही. पाणी पोचेल, पण इतक्या मोठ्या पाइपात ते फार हळू चालेल, सेकंदाला बारा सेंटीमीटर. मे मध्ये तर त्याच्याही निम्म्याने. हळू पाण्यात बारीक गाळ तळाला बसतो आणि चढावरचे बुडबुडे वाहून जात नाहीत. वर पैसे जास्त, पाठीवरून वाहायचं वजन जास्त. पाइप मोठा केला की दाब वाढतो ही समजूत सगळीकडे आहे. बंद नळातला दाब फक्त उंचीवर ठरतो. मोठ्या पाइपाने घर्षण कमी होतं, एवढंच.

तुमच्या आकड्यांवर मी वरच्या अर्ध्या अंतराला ४० मिमी आणि खालच्या अर्ध्याला ३२ मिमी टाकीन. खर्ची पडणारी उंची साधारण साडेअकरा मीटर. लेव्हल नळीने १६ ऐवजी १३-१४ निघाले तरी काम चालतं. मोठा पाइप वर ठेवायचं कारण असं की झऱ्याजवळ दाब नावालाच असतो, तिथे घर्षणात उंची गमावली तर मधल्या एखाद्या चढावर पाणी अडतं. खाली दाब साचलेला असतो, तिथे बारीक पाइप परवडतो. दाबाचा वर्ग ६ किलोचा घ्या. १० मीटर उंचीला एक किलो दाब असं गणित असल्याने तो ६० मीटरपर्यंत चालतो, तुम्हाला भरपूर झाला. शंभर-दीडशे मीटर उतार असलेली गावंही आपल्या भागात आहेत. त्यांना मात्र दर पन्नासएक मीटर उतारावर एक छोटी उघडी टाकी बांधून दाब तोडावा लागतो, नाहीतर रात्री नळ बंद असताना पाइप फाटतो. तुम्हाला ती गरज नाही.

या व्यासाचे पाइप गुंडाळीत येतात, शंभर मीटरच्या आसपास एक वेटोळं, त्यामुळे जोड मोजकेच. गरम तव्यावर चिकटवायचे जोड टाळा आणि आटे फिरवून घट्ट होणारे कॉम्प्रेशन कपलर घ्या. वीज नसली तरी गावातला कोणीही ते उघडून पुन्हा बसवू शकतो. दोन-चार कपलर आणि दहा मीटर पाइप पहिल्या दिवसापासून गावातच ठेवा.

चढांची नोंद ठेवा म्हटलं ते हवेसाठी. पाइप खाली जाऊन पुन्हा वर चढला की त्या उंचवट्यावर हवा अडकते, आणि धार निम्मी होते किंवा बंदच पडते. गावाला वाटतं झरा आटला. शक्य असेल तर थोडा वळसा घालून पाइप सतत उतरता ठेवा. नाही जमलं तर उंचवट्यावर एक साधी तोटी बसवा आणि चेंबरमध्ये झाका, महिन्यातून एकदा उघडून हवा सोडायची. खोलगट जागी तशीच तोटी गाळ सोडायला.

झऱ्याचा डोळा बांधताना घाई नको. पाझर येतो तिथपर्यंत माती-दगड हाताने काढत जायचं. सब्बल (पहार) जपून वापरायची, आणि सुरुंगाचं तर नावच नको, खालचा थर फुटला की पाणी दुसरीकडे जातं. डोळ्यासमोर धुतलेली गोल गिट्टी भरायची, बाजूला आणि वर चिकणमाती दाबून बसवायची, पुढे पेटी बांधायची. पेटीची ओव्हरफ्लो नळी झऱ्याच्या मूळ पातळीपेक्षा वर कधीच ठेवायची नाही. पाणी साठवायच्या हौसेने पेटी उंच केली की झऱ्यावर उलटा दाब येतो आणि तो बाजूला दहा फुटांवर नवा मार्ग शोधतो. अशा कोरड्या, सुबक पेट्या मेळघाटात बघायला मिळतात. झाकण कुलपाचं, सगळ्या नळ्यांना जाळी, आणि वरच्या अंगाला आठ-दहा मीटरवर आडवा चर, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी पेटीवर येणार नाही. भोवती काट्यांचं नाही तर तारेचं कुंपण, आत गुरं नकोत. ओव्हरफ्लोचं पाणी नाल्यात जाऊ द्या, जंगलातली जनावरंही त्याच झऱ्यावर येतात.

आपल्याकडे बहुतेक झऱ्यांवर शेंदूर लावलेला दगड असतो. बांधकाम ठरवण्याआधी भुमकाला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, आणि जुन्या मंडळींना घेऊन तिथे बसा, कुठे खणायचं आणि कुठे नाही हे त्यांच्या तोंडून ठरू द्या. कुलपाची चावी कोणाकडे राहील हेही त्याच बैठकीत ठरवा.

पाइप गाडायचा अडीच ते तीन फूट. मेळघाटात याचं पहिलं कारण वणवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, आग सरकत जाते आणि वर पडलेला काळा पाइप मेणबत्तीसारखा वितळतो. दुसरं कारण ऊन: तापलेल्या पाइपाची दाब सोसायची ताकद कमी होते आणि पाणीही प्यायलायक थंड राहत नाही. रानडुकरं उकरतात ते वेगळंच. जिथे खडक लागून खणता येत नाही तेवढ्याच तुकड्याला जीआय वापरा. नाला ओलांडताना पाइप पात्रावरून आडवा टाकलात तर जुलैचा पहिला पूर तो घेऊन जाईल. एक तर पात्राखाली खोल गाडून वर काँक्रीट करा, नाहीतर दोन्ही काठांवर खांब उभारून पुराच्या खुणेच्या वरून जीआय पाइप न्या. पूर कुठवर चढतो ते काठच्या झाडांत अडकलेल्या काटक्या सांगतात.

टाकी किती? गाव पाणी भरतं सकाळी आणि संध्याकाळी, झरा मात्र रात्रभर वाहतो. संध्याकाळी सात ते सकाळी सहा अशा अकरा तासांत डिसेंबरच्या वेगाने जवळपास १२ हजार लिटर येतात. म्हणून १५ हजारांची टाकी पुरे. त्याहून मोठी बांधायचा आग्रह कंत्राटदाराचा असतो, झऱ्याचा नव्हे.

एक बारीक गोष्ट, जिच्यावर मी अडून बसतो. झऱ्यापासून येणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह नेहमी खालच्या टोकाला, टाकीच्या तोंडाशी आवळायचा, वर झऱ्याजवळ नाही. पाइपाची क्षमता झऱ्यापेक्षा जास्त असली की पेटी रिकामी होते, पाइप पाण्याबरोबर हवाही ओढायला लागतो आणि धार गचके देत येते. टाकीजवळचा व्हॉल्व्ह हळूहळू इतकाच आवळा की वर पेटी काठोकाठ राहील आणि ओव्हरफ्लोमधून थेंब-थेंब पडत राहील. वर एक माणूस, खाली एक माणूस, मध्ये आरोळी मारायला तिसरा. ऋतू बदलला की पुन्हा जुळवायचं. टाकीला तरंगता बॉल व्हॉल्व्ह मी लावत नाही. टाकी भरली की जादा पाणी गुरांच्या हौदात पडू द्या, म्हशींचा प्रश्न तिथे बराचसा सुटतो.

आता शुद्धतेचं. झऱ्याचं पाणी काचेसारखं दिसतं म्हणून ते निर्जंतुक असतं असं नाही. २०२२ च्या जुलैत तुमच्याच तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीला विहिरीचं दूषित पाणी पिऊन माणसं दगावली, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडे जुलै-ऑगस्ट हाच धोक्याचा काळ. पहिल्या पावसात सगळी घाण खाली येते आणि लोक पेरणीच्या घाईत असतात. बांधलेली पेटी आणि बंद पाइप यांनी निम्मा धोका जातो, उरलेल्यासाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरच.

हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम. पावडर ताजी असेल तर खालचा आकडा, जुनी असेल तर वरचा. भरलेल्या १२ हजार लिटरच्या साठ्याला ३० ते ६० ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी टाकीत ओता, मग नळ सोडायच्या आधी निदान एक तास थांबा. सकाळी सहाला नळ सुटणार असतील तर जलसुरक्षकाला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या-तपासणाऱ्या माणसाला, पाचच्या आत टाकीवर असावं लागेल. हे काम फुकट होत नाही, त्याचं मानधन पाणीपट्टीतून काढून ठेवा. ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन रंगावरून ओळखायची चाचणी, टाकीजवळ करून काही कळत नाही, सगळ्यात लांबच्या नळावर करा. तिथे पिवळा रंग आला तर क्लोरीन शेवटपर्यंत पोचलं, लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. पावडरीचं पोतं उघडं किंवा दमट जागी राहिलं की महिन्या-दोन महिन्यांत तिचा जोर जातो. मग लोक म्हणतात पावडर टाकूनही जुलाब झाले. वासाची तक्रार येईलच. रात्री भरून ठेवलेल्या भांड्यात सकाळपर्यंत वास बराच उडालेला असतो, हे बायांना सांगितलं की पुढे कुरकुर कमी होते.

योजना सुरू करण्याआधी एकदा जिल्हा प्रयोगशाळेत पूर्ण तपासणी करून घ्या. डोंगरातल्या झऱ्यात फ्लोराइडची भीती सहसा नसते, ती यवतमाळ-चंद्रपूरकडच्या खोल बोअरना जास्त. खारेपणही खाली पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचं दुखणं. तरी फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या आणि नायट्रेट ४५ च्या खाली आहे याचा कागद हातात असावा. वरच्या अंगाला कोणाचं वावर असेल आणि त्यात युरिया पडत असेल तर नायट्रेटवर खास लक्ष ठेवा. झऱ्याच्या वर शौचाला जाणं बंद झालं पाहिजे हे वेगळं सांगत नाही.

खर्चाचा आकडा मी देत नाही. पाइपचे दर बदलतात, आणि खडक किती लागतो यावर खोदाईचा खर्च दुप्पट होऊ शकतो. निधीसाठी वित्त आयोगाच्या निधीतला पाण्यासाठी बांधील हिस्सा आणि पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याचा) पाच टक्के अबंध निधी या दोन गोष्टी ग्रामसेवकाला विचारा. त्याआधी तुमचा ढाणा जलजीवनच्या गाव कृती आराखड्यात कसा दाखवलाय ते बघून घ्या. कागदावर तिथे आधीच नळ चालू असतील तर नव्या मागणीला हरकत येते.

जमीन जंगलाची आहे, म्हणून परवानगी लागेल. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये पिण्याचं पाणी आणि पाइपलाइन यांचा स्पष्ट उल्लेख आहे: एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. तुमचा चर अर्धा मीटर रुंद धरला तर १४०० मीटरला एक हेक्टरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी जागा जाते, झाड तर एकही तोडावं लागू नये. पण झरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येत असेल तर वन्यजीव विभागाची परवानगी वेगळी आणि तिला वेळ लागतो. नकाशावर हद्द कुठे येते ते वनरक्षकाकडून आताच समजून घ्या, मोजमापाच्या वेळी त्यालाही सोबत न्या.

खोदाईचा काळही जुळवावा लागतो. दिवाळीनंतर निम्मं गाव मजुरीला बाहेर जातं ते होळीला परततं, होळी झाली की मोहफुलं, मग तेंदूपत्ता, जूनमध्ये पेरणी. श्रमदानावर सगळी भिस्त ठेवली तर चर अर्धवट राहतो आणि पावसात बुजतो. मी मजुरी देऊन, शक्यतो रोजगार हमीत बसवून, दसरा ते दिवाळीनंतरचा आठवडा या काळात खोदाई उरकायला सांगतो. तेव्हा जमीन ओली असते आणि माणसं गावात असतात. सोयाबीन काढणीशी थोडी ओढाताण होते, ती चालते.

म्हणून क्रम असा धरा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव आणि वनहक्काची शिफारस घ्या, त्यात झऱ्याचं ठिकाण आणि पाइपची वाट लिहून घ्या. फेब्रुवारीत लेव्हल नळीचं काम, पाणी तपासणी, आणि भूजल यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला एकदा बोलावणं. झऱ्याचं पाणी नेमकं कुठल्या उतारावर मुरतं हे तोच सांगू शकेल, कारण कधीकधी ते डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मुरत असतं आणि पाणी मुरवायचे समतल चर आपण भलत्याच बाजूला खणत बसतो. मे अखेरचं माप आलं की वरचा हिशोब तुमच्या खऱ्या आकड्यांवर पुन्हा मांडू. पंधरवड्याची वही, चढांच्या नोंदी आणि नाला ओलांडायच्या जागेचा फोटो पाठवा. फोटोत काठावर एक माणूस उभा असू द्या, म्हणजे पात्राच्या रुंदीचा अंदाज येईल.